राजेंद्रभाऊंचं रेडिओ स्टेशन

राजेंद्रभाऊंच्या हातात गेलेला माइक परत कसा मिळवायचा, यावर महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांत बरंच डोकं चालवून झालंय, पण उपाय काही कुणाला सापडलेला नाही. लग्न असो, कुणाची निवृत्ती असो, कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असो, निवेदक म्हणून राजेंद्रभाऊच. पंचायत समितीत कारकुनी केली ती पोटापुरती. खरी नोकरी माइकची. कुडपणच्या सड्यावर वाऱ्याने मंडप उडाला तरी ह्यांची चारोळी थांबली नाही. हिरकणीवाडीत एका खानावळीचं उद्घाटन होतं. पाहुणे कंटाळून शेजारच्या खानावळीत जेवून आले, तेव्हा ह्यांचं स्वागताचं भाषण कुठे रंगात येत होतं. आंबेनळीत तर दरड काढणाऱ्यांचा सत्कार होता. ह्यांचं प्रास्ताविक संपायच्या आत घाटात दुसरी दरड आली, आणि सत्कारमूर्ती खांद्यावरची शाल सांभाळत पुन्हा जेसीबीवर चढले. आता ह्यात भाऊंचा काय दोष? दरडीला दम नव्हता, एवढंच.

अशा माणसाच्या घरात बाकीच्यांनी काय बोलायचं? भाऊंची बायको उज्वला फारसं बोलत नसे. "आमची ही अबोल आहे," असं भाऊ चारचौघांत कौतुकाने सांगत, आणि ती काही म्हणायला तोंड उघडायची, तोवर भाऊ पुढच्या विषयावर गेलेले असत.

महाडच्या कडेला त्यांची बौद्धवाडी आहे आणि वाडीत विहार. वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विनीपर्यंत, तिथे रोज दिवेलागणीला ग्रंथाचं वाचन होतं. हे वाचन अर्थातच भाऊंकडे होतं. वाचन म्हणायचं ते आपलं रीतीपुरतं. भाऊ चष्मा लावून दोन ओळी वाचत, चष्मा काढत, आणि मग 'याचा अर्थ असा की' म्हणून जे सुटत, त्यात त्यांची पोलादपूरची बदली येई, साहेबाशी झालेलं भांडण येई, गुडघेदुखीवरचा पालाही येई. बसून बोलणं जमेना, म्हणून त्यांनी वाडीच्या मागे लागून बिनवायरचा माइक आणवला. मग ते विहारात फिरत फिरत अर्थ सांगू लागले, आणि लोकांच्या माना त्यांच्यामागे डावीउजवीकडे फिरून दुखू लागल्या. गेल्या साली तर तीन महिने सरले, समाप्तीची खीर वाटून झाली, तरी सिद्धार्थ आपला राजवाड्यातच.

यंदाच्या बैठकीत काशीबाई उठल्या. काशीबाई म्हणजे वाडीतली सगळ्यात जुनी बाई. त्यांच्यापुढे कुणाची टाप नाही.

"गेल्या साली सिद्धार्थ घरातनं बाहेर पडला नाय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आदल्या साली पन नाय. मी काय अशी किती वर्सं थांबनार हाय? औंदा बाया वाचतील. रोज एक बाई. वाचायचं, मिटायचं आनि घरी जायचं."

पुरुष मंडळी खाली सतरंजीकडे बघत राहिली. भाऊंना वाटलं, हे सगळे अन्यायाने हादरलेत. खरं तर त्यांना हसू लपवायचं होतं.

भाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "ज्यांना माइक उलटा की सुलटा कळत नाही, त्या ग्रंथ वाचणार!" असं त्यांनी घरी येऊन उज्वलेला ऐकवलं. वाचणाऱ्यांत आपलंही नाव आहे, हे ती सांगणार होती, पण भाऊ बोलत होते.

दोन दिवस रुसून झाल्यावर मोबाइलवर एक व्हिडिओ त्यांच्या पुढ्यात आला: घरबसल्या स्वतःचा रेडिओ बनवा, नुसत्या सॉफ्टवेअरने! भाऊ ताडकन उठून बसले. स्वतःचा रेडिओ! म्हणजे स्वतःचं स्टेशन! विहारात बायका वाचोत बापड्या दहा डोक्यांपुढे. आपलं वाचन, अर्थासकट, वाडीतल्या प्रत्येक चुलीपर्यंत जाईल. समाप्तीच्या पौर्णिमेला स्टेशन सुरू! उरलेला व्हिडिओ बघायची त्यांना गरज वाटली नाही. समोरच्याचं पुढचं ऐकून घ्यायचं, ही त्यांची पद्धतच नव्हती.

बाजारात सेजलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तिच्याकडून भाऊंनी वस्तू मागवली. पेनड्राइव्हएवढी एक काडी, तिला लांब वायर, वायरच्या टोकाला अँटेना. पनवेलला नोकरी करणाऱ्या सुशांतने, म्हणजे भाऊंच्या मुलाने, जुना लॅपटॉप घरी ठेवलेला होताच. काडी हातात घेऊन भाऊंनी उलटसुलट बघितली.

"माइक कुठे लावायचा?"

"माइक?" सेजलने चष्म्यावरून बघितलं. "काका, ह्याला तोंड नाही. ह्याला नुसते कान आहेत. हवेतून जे जे चाललंय ते हे ऐकतं. बोलत नाही."

"म्हणजे मी बोललो तर?"

"तर तुमच्या घरात ऐकू येईल. जसं रोज येतं तसं."

"बोलणारं मशीन नाही का मिळत?"

"मिळतं. पण त्याला सरकारी परवाना लागतो, परीक्षा लागते. आणि हे परत घेणार नाही हं मी, पाकीट फोडलंय तुम्ही."

महाराष्ट्रात एवढी माणसं आहेत, पण बोलायला म्हणून रेडिओ आणून ऐकायला बसायची वेळ आली ती एकट्या राजेंद्रभाऊंवर. पण वाडीत ते सगळ्यांना सांगून बसले होते. पौर्णिमेला स्टेशन, पौर्णिमेला स्टेशन! आता माघार घ्यायची म्हणजे नाक कापून घ्यायचं. तेव्हा भाऊंनी वाडीत नवं जाहीर केलं, की कोणतंही स्टेशन उभारताना आधी 'श्रवण-चाचणी' घ्यावी लागते. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आणि शिकायला बसले. ह्यात मात्र त्यांना नावं ठेवता येणार नाहीत, चिकाटी होती. पडद्यावर ठोकळे असतात, ते रेघांनी एकमेकांना जोडायचे. पहिला ठोकळा हवेतली लहर आत घेतो, दुसरा नको ते गाळतो, तिसरा लहरीतून आवाज सोडवतो, चौथा तो कानाशी आणून देतो. भाऊंना ही कार्यक्रमपत्रिका ताबडतोब पटली. प्रास्ताविक, स्वागत, मनोगत, आभार! फक्त गाळणारा ठोकळा त्यांना अनावश्यक वाटला, म्हणून पहिल्यांदा त्यांनी तो घातलाच नाही. लॅपटॉपमधून जो आवाज आला, त्याने शेजारच्या कोंबड्या बिथरल्या.

गाळणी घातली, तर आवाजच येईना. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत काहीतरी बिघडल्याची खूण म्हणून तीच तीच दोन अक्षरं ओळीने उमटत राहिली. सेजलला फोन केला. ती म्हणाली, मागचा ठोकळा पुढच्याला माल पुरवत नाहीये, दोघांचा वेग जुळवा. वेग जुळवायला गेले तर कुठल्यातरी एफएमवरची निवेदिका सापडली, पण बाई दारू प्यायल्यासारखी ओढून ओढून बोलायला लागली. भाऊंनी खापर काडीवर फोडलं, मग वायरवर, मग महाडच्या डोंगरांवर. नाचता येईना, अंगण वाकडं. सगळ्यात मोठं घोडं अडलं ते 'गेन'पाशी. गेन म्हणजे येणारी लहर किती चढवून घ्यायची त्याचा खटका. भाऊ तो कायम शेवटच्या टोकाला ठेवत.

"काका, गेन कमी करा," सेजल फोनवर ओरडायची. "सगळंच चढवलं की खरं स्टेशन त्यात बुडून जातं."

"आवाज कमी करून कधी कुणाला ऐकू गेलंय का?" भाऊंचा आयुष्यभराचा अनुभव बोलायचा.

श्रावण गेला, भादवा आला. कानाला हेडफोन लावून भाऊ सकाळ-संध्याकाळ त्या निळ्या पडद्यापुढे. त्यात वरून खाली पाणी पडत असल्यासारखं चित्र सरकतं, आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे पिवळी रेघ उमटते. एक दिवस त्यांना तशी एक रेघ दिसली. दिवेलागणीला उगवायची, तास-दीड तास टिकायची आणि गुप्त व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तीच जागा.

भाऊंच्या अंगावर काटा आला. हेर! दुसरं कोण रोज ठरल्या वेळी बोलणार? चहाच्या टपरीवर त्यांनी आवाज उतरवून ही बातमी सांगितली, म्हणजे समोरच्या एसटी थांब्यापर्यंतच ऐकू गेली. दोन दिवसांत वाडीभर झालं, की समुद्रावरनं कुणीतरी निरोप पाठवतंय आणि राजेंद्रभाऊ ते पकडणार आहेत. भाऊंचा भाव पुन्हा वधारला. लोक 'जयभीम' घालून थांबून विचारू लागले, "बोलला काय तो?" स्टेशनची गोष्ट आपोआप मागे पडली. आता एकच ध्यास, त्या रेघेतून आवाज काढायचा. नाही निघाला, तर पौर्णिमेला वाडी तोंडावर हसणार होती.

त्याच आठवड्यात उज्वला त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. त्यांनी एक कान उघडा करीपर्यंत थांबली.

"गुरवारी माझा नंबर हाय," ती म्हणाली. "विहारात. वाचायचा. याल काय?"

"गुरुवारी?" भाऊंचे डोळे पडद्यावर. "गुरुवारी मी रेघेला हात घालणार आहे. संध्याकाळीच येते ना ती."

"एकच दिस हाय माझा. मग संपतंय."

"बघू," भाऊ म्हणाले आणि कान झाकला. नवऱ्याच्या 'बघू'चा अर्थ काय, हे लग्न झालेल्या कुठल्याही बाईला ग्रंथ न वाचता कळतं. उज्वलेने त्यांच्यापुढचा रिकामा कप उचलला. मग गेली.

गुरुवारी पाऊस लागून होता. उज्वला पांढरी साडी नेसून, ग्रंथ पिशवीत घालून, छत्री घेऊन निघाली. "येते हां," म्हणाली. भाऊंनी पडद्यासमोरूनच हात हलवला. ती गेली आणि थोड्या वेळात रेघ उगवली. उज्वला रोजच ऐकायला विहारात जायची, तेव्हा ह्या दोन गोष्टी एकापाठोपाठ रोज घडत होत्या, पण हेर पकडणाऱ्याचं लक्ष घरात कशाला असेल?

भाऊंनी ठोकळे लावले. नुसती खरखर. गेन टोकाला, खरखरीचा पूर. अर्धा तास गेला. शेवटी वैतागून, सेजल खोटी ठरावी ह्या एकाच हेतूने, त्यांनी गेनचा खटका खाली ओढला.

खरखर बसली. खालून एक बाई बोलू लागली.

हेर बाई आहे!  बाई शांतपणे, एका लयीत काहीतरी सांगत होती. मोहरी... मूठभर मोहरी... ज्या घरात कुणी मेलं नाही... सांकेतिक भाषा! भाऊंनी कागद ओढला. लिहायला सुरुवात केली आणि हात थांबला. मेलेलं मूल कडेवर घेऊन दारोदार मोहरी मागणारी किसा गोतमी. ही तर ग्रंथातली गोष्ट! आणि हा माइक... हा आपलाच माइक! बिनवायरचा! तोसुद्धा हवेतूनच बोलतो की. त्याच्या पोटात इवलासा रेडिओ असतो, म्हणून तर वायर लागत नाही. गेले कित्येक दिवस ज्या हेरामागे आपण लागलो, तो विहारातला माइक. बैठकीत भांडून आपणच आणवलेला.

मग वाचणारी कोण? आवाज ओळखीचा वाटत होता आणि नव्हताही. वाडीतली कुणाची नवी सून? नव्याने आलेली शिक्षिका? पुरी दोन पानं झाली तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की ही उज्वला. आपली उज्वला. मुलगा नोकरीला लागला एवढा संसार झाला, आणि बायकोचा आवाज ओळखायला दोन पानं लागली. कारण दोन वाक्यांच्या वर तिला सलग कधी ऐकलेलंच नव्हतं.

वाचत होती छान. शब्द पुसट होत नव्हता, घाई नव्हती. गोतमी एका दारातून दुसऱ्या दारात जात होती, आणि भाऊ तिच्या मागोमाग. मागे एका साली मधलंच पान उघडून ह्याच गोष्टीचा त्यांनी चार दिवस अर्थ सांगितला होता. गोतमी पहिल्या घरी पोचलीच नव्हती.

एवढ्यात वीज गेली. वाडी काळीकुट्ट. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, आणि वाडीतले सगळे दिवे, टीव्ही, चार्जर बंद झाल्याबरोबर उरलीसुरली खरखरही नाहीशी झाली. विहाराच्या आतले छोटे स्पीकर मुके झाले होते. पण माइकमध्ये सेल होते, आणि उज्वलेच्या हातातला माइक सुरूच होता. तिथल्या कुणाला हे माहीत नव्हतं. त्या माइकचं ऐकणारे कान अख्ख्या महाडात दोनच होते.

"बसा गो, येल आता वीज," हा काशीबाईंचा आवाज.

"राजेंद्रभाऊ असते ना, तर वीज गेल्याचं त्यांना कळलं पन नसतं," कुणीतरी म्हणालं, आणि अंधारात बायका खदखदून हसल्या. त्या हसण्यात उज्वलाही होती. भाऊ लालबुंद झाले. उत्तर अगदी जिभेवर आलं. पण समोर मशीन होतं ते ऐकणारं.

"बाकी उज्वला, चांगलं वाचलंस गो," काशीबाई म्हणाल्या. "माज्या डोळ्यांना पानी आलं. भाऊ नाय आले तुझे?"

"त्यांचं काम हाय. रेडिओ करतायत."

"तू बोलावलं नव्हतंस काय?"

"बोलावलं तर."  "काशीमावशी, महिनाभर सवय करतंय मी. घरात, मोठ्यानं. ते तिथंच बसलेले असतात, हाताच्या अंतरावर, कानाला ते लावून. मला आपलं वाटायचं, एखाद दिस कान उघडतील आनि म्हनतील, चुकलीस. नुसतं चुकलीस म्हनाले असते ना, तरी चाललं असतं. म्हंजे ऐकलं तरी असं झालं असतं."

"ये गो, हिकडं बस माज्याजवळ," काशीबाई म्हणाल्या. 

भाऊंना लाज वाटली. साधी, सरळ, कान तापवणारी लाज. प्रास्ताविक नाही, चारोळी नाही, काही नाही. उठून विहारात जावं असं वाटलं, दारापर्यंत गेलेही. पण गेलो की लोक सवयीने सरकून जागा करतील, उज्वला सवयीने माइक पुढे करील, आणि आपण सवयीने तो घेऊ, ह्याची त्यांना पक्की खात्री होती. स्वतःला ते तेवढं ओळखून होते. ते परत येऊन बसले. वीज आली, स्पीकर खरखरले, गोतमी उरलेल्या घरांतून फिरून रिकाम्या हाताने परतली, आणि भाऊंनी ते शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

उज्वला आली ती भिजून. छत्री कोपऱ्यात ठेवली, ग्रंथ पिशवीतून काढून पदराने पुसला.

"गावला काय तुमचा हेर?" तिने विचारलं.

"गावला," भाऊ म्हणाले. मग बराच वेळ काही म्हणाले नाहीत. उज्वलेने चमकून बघितलं, ताप आहे की काय असं.

"विहारातला माइक आहे तो. ह्या मशीनवर सगळं ऐकू येतं."

ती जागच्या जागी थांबली. "माझं वाचन ऐकलंत?"

"ऐकलं."

"आनि वीज गेली तवा? तवा हे बंद झालं असेल ना?"

भाऊंनी लॅपटॉपकडे बघितलं. बॅटरीबद्दल बोलायचं तर त्यांच्याकडे एका तासाचा मजकूर होता. "मला तुझं वाचन ऐकू आलं," ते म्हणाले. "चुकलीस तू एके ठिकाणी. मोहरीच्या गोष्टीत एक ओळ गाळलीस."

 उज्वलेच्या ओठांचे कोपरे हलले, डोळे भरून आले, आणि ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली.

"कुठली?"

भाऊ अडकले. कुठली ते काय सांगणार? इतकी वर्षं ते अर्थ सांगत आले होते. ओळी त्यांना कुठे ठाऊक होत्या!

"पुन्हा वाच," ते म्हणाले. "आली की सांगतो."

तिने ग्रंथ उघडला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. भाऊंनी हेडफोन काढून ठेवले, मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही, आणि गोष्ट संपेपर्यंत ऐकत राहिले. गाळलेली ओळ काही सापडली नाही.